पडद्यावरचा संस्कारवर्ग

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शाळांत कोरोनेट कंपनीचे दहा-बारा मिनिटांचे बोधपट दाखवले जात. १९४७च्या ‘शाय गाय’मध्ये नव्या शाळेत बुजलेल्या मुलाने मित्र कसे जोडावेत, हे शिकवले होते. आपल्याकडे हे काम मुंबईत १९४८मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने केले. पण इथे विद्यार्थी म्हणजे अख्खे गाव. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी तिचे लघुपट दाखवणे सक्तीचे होते. थिएटर नसलेल्या खेड्यांसाठी १६ मिमी प्रोजेक्टर घेऊन फिरणारी प्रसिद्धी खात्याची गाडी होती. स्वच्छता, देवीची लस, हिवताप, कुटुंबनियोजन हे नेहमीचे विषय.

मुलांसाठीचा सर्वांत सुंदर बोधपट मात्र १९७४चा, मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरे एकजुटीने जाळ्यासकट उडतात, एवढीच गोष्ट. दटावणी कुठेच नाही. गाणे आणि भीमसेन यांची हलती चित्रे. त्याला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनने तो घरोघरी नेला, म्हणूनच आज पन्नाशीला आलेल्यांना तो तोंडपाठ आहे.