यार-ए-वफादार

पावसाळ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो. वरच्या अंगाला पूर्णा नदीवरच येलदरीचं धरण आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं. येलदरीहून फोन येतोच. पण समजा नाही आला, तरी इथल्या मोजपट्टीवर पाणी चढायला लागलं की वर काय चाललंय हे या माणसाला कळतं. दरवाजे उघडले असतील, नाहीतर वीजघराचे संच फिरायला लागले असतील. कधी सुटलं, किती वेळ सुटलं, हेही तो अदमासानं सांगेल. पाण्यात गाळ होता की मासे, हे त्याला बघावंही लागत नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात अख्ख्या जगाला हीच गोष्ट नव्यानं समजली. एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढली. त्यात जगाचा एक नकाशा होता. कोणत्या देशातून किती माहिती उपसली, ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये एकट्या भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या होत्या आणि आपला नंबर जगात पाचवा होता. आपल्या वर इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त. वॉशिंग्टनमधला आपला दूतावासही ज्यांच्यावर पाळत होती त्यांच्या यादीत सापडला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद म्हणाले, याला हेरगिरी म्हणता येणार नाही, कोण कोणाला फोन करतं याच्या नमुन्यांचा हा संगणकी अभ्यास आहे.

म्हणजे नुसती मोजपट्टी. पण मोजपट्टी किती बोलते ते बघा. औंढ्याचा एक माणूस रात्री दोन वाजता नांदेडच्या एका दवाखान्याला फोन करतो. मग पुण्याच्या भावाला. मग पहाटेपर्यंत गावातल्या बारा-पंधरा जणांना, प्रत्येकाला अर्धा-अर्धा मिनिट. एक शब्दही न ऐकता त्या घरात काय घडलं ते तुम्हाला कळलं ना?

खुर्शीदांच्या उत्तरावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते फार ओळखीचं वाटलं. दोस्तानं आपल्यावर पाळत ठेवली तर रागवायचं कसं, हा पेच हैदराबादच्या निजामापुढे शंभर वर्षांहून अधिक काळ होता. आणि त्या पाळतीचं एक ठाणं आमच्या हिंगोलीत होतं.

निजामानं १७९८मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढे १८१३च्या सुमारास हेन्री रसेल या रेसिडेंटनं, म्हणजे दरबारात बसलेल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीनं, आणखी एक फौज उभी केली. तीच नंतर हैदराबाद कंटिंजंट झाली. औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम आणि हिंगोली ही तिची ठाणी. या फौजेची गंमत अशी की ती नावानं निजामाची, पगार निजामाचा, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. खर्च इतका साचत गेला की १८५३मध्ये निजामाला त्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. ज्या छावणीतून आपल्या मुलखाची बित्तंबातमी रेसिडेन्सीला जाते, तिचा पगार आपणच भरायचा. १९१८मध्ये इंग्लंडच्या राजानं निजामाला किताब दिला तो ‘यार-ए-वफादार’, म्हणजे इमानदार दोस्त. दोघांपैकी इमानाचं प्रमाणपत्र एकालाच मिळालं, हे लक्षात घ्यायला हवं.

हिंगोलीच्या छावणीचं रोजचं काम काही हेरगिरीचं नव्हतं. ती फौज होती, बंडं मोडायला होती. बातमीचा मोठा कान हैदराबादच्या रेसिडेन्सीत होता. १७९८ ते १८०५ रेसिडेंट असलेल्या जेम्स किर्कपॅट्रिकचे बातमीदार थेट निजामाच्या जनान्यापर्यंत पोचलेले होते. त्यानं दरबारातल्या घराण्यातल्या खैरुन्निसाशी लग्न केलं, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं त्याचीच चौकशी लावली. कान लावणाऱ्याच्या दारालाही कान लागलेलेच असतात.

पण हे इंग्रजांनीच आणलं असं कोणी समजू नये. १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज असे तिघे एक झाले. पुण्यात इंग्रजांचा चार्ल्स मॅलेट बसलेला, हैदराबादेत पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे. काळ्यांची पत्रं नाना फडणिसांकडे जात. तिघे दोस्त, तिघांचे जासूद एकमेकांच्या गोटात. पुढे पाचच वर्षांत, १७९५च्या मार्चमध्ये, त्यातले दोन दोस्त खर्ड्याला एकमेकांशी लढले. म्हणजे दोस्ताची खबर ठेवणं हा नानांचा संशयी स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही.

मला यात एक फरक दिसतो, आणि नीतीचा प्रश्न तिथंच आहे असं मला वाटतं. काळे हैदराबादेत बसून काय करतात, ते निजामाला ठाऊक होतं. निजामाचे अखबारनवीस, म्हणजे बातम्या लिहून पाठवणारे, तेही पुण्यात होते. दोन्ही बाजूंना कान होते, आणि ते दरबारापुरते. हिंगोलीच्या काळात मात्र पाणी एकाच दिशेनं वाहू लागलं. निजामाला लंडनच्या मंत्रिमंडळात अखबारनवीस ठेवता येत नव्हता.

आजही तसंच आहे. हिंगोलीहून जर्मनीतल्या नातीला केलेला व्हिडिओ कॉल बहुधा मुंबईपर्यंत जमिनीतून आणि पुढे समुद्राच्या तळाच्या केबलमधून जातो. केस-दोन केस जाडीच्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतो आणि आजीचा चेहरा पलीकडे उमटतो. हा चमत्कारच आहे. पण वाटेत कोणी तो प्रकाश फोडून त्याची नक्कल घेतली, तर प्रकाश काही कमी झालेला जाणवत नाही. अमेरिकेचा कायदा अमेरिकी नागरिकाला काही संरक्षण तरी देतो. परदेशातल्या आजीला दाद मागायला तिथं दारच नव्हतं. गदारोळानंतर जानेवारी २०१४मध्ये ओबामांनी परदेशी लोकांसाठीही थोडी बंधनं घातली. जवळच्या मित्रदेशांच्या प्रमुखांचे फोन तसंच काही कारण असल्याशिवाय ऐकणार नाही, असंही सांगितलं. प्रमुखांचे.

निजामाच्या पगारी फौजेचा खरा वारस मात्र स्वित्झर्लंडमध्ये सापडतो. झूगजवळ क्रिप्टो एजी नावाची कंपनी होती. ती गुप्त लिपीची यंत्रं बनवी आणि शंभराहून जास्त देशांना विकी. गिऱ्हाइकांत भारत होता, पाकिस्तानही होता. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणून विश्वास. १९७०मध्ये अमेरिकेची सीआयए आणि जर्मनीची बीएनडी या गुप्तहेर संस्थांनी मिळून ती कंपनी गुपचूप विकत घेतली होती आणि कित्येक यंत्रांत चोरवाट ठेवली होती. हे छापून आलं २०२०मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं देशोदेशींची सरकारं रोख पैसे मोजून आपलीच गुपितं या संस्थांच्या हवाली करत होती. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा! आणि २०१३मध्ये आपला फोन ऐकला गेल्याचं कळल्यावर मित्रांमध्ये हेरगिरी चालणार नाही असं जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल संतापून म्हणाल्या, तेव्हा त्यांच्याच देशाच्या बीएनडीनं हा धंदा १९९३पर्यंत भागीदारीत केलेला होता.

आता पुन्हा हिंगोलीच्या छावणीत येऊ, आणि एवढ्या पाळतीला काय दिसलं नाही ते पाहू. निजामाच्या फौजेत नोकरी केलेल्या मेडोज टेलरनं १८३९च्या आपल्या ठगावरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत इथली एक हकीकत लिहून ठेवली आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरसकट पुष्कळ जणांचे त्याच्याशी व्यवहार. एकदा त्यानं मुंबईहून कापड आणायला कॅप्टन रेनल्ड्सकडे परवाना मागितला. तो मिळाला. माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता आणि वाटेवर होता. हरिसिंगनं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या माणसांना मारलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. तो ठगांचा म्होरक्या होता. पुढे पकडल्यावर त्यानं स्वतः कबूल केलं, तेव्हा हे कळलं. त्याच्या टोळीनं माणसं मारली ती मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, आणि पुरली ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर तिथं उभा होता.