बऱ्हाणपूरचा नंबर किती?

ग्रंथपालाचा कोर्स करतेय म्हटलं की आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबागेत हमखास एकच प्रश्न यायचा, ‘पुस्तकं कपाटात लावायला विद्यापीठात कशाला जावं लागतं?’ मी इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठात बी.लिब. केलं आणि आता बऱ्हाणपूरच्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात मिळालं.

या प्रात्यक्षिकात समोर पुस्तकांची शीर्षकं ठेवतात आणि ड्यूईचे जाडजूड खंड चाळून प्रत्येकाचा नंबर बांधायला लावतात. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. धर्माला २०० ते २९९ एवढी जागा दिली, तिचा मोठा हिस्सा ख्रिस्ती धर्माला गेला आणि हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन सगळे २९० च्या आसपास दाटीवाटीने बसले. भारताचा इतिहास ९५४. मध्य प्रदेश ९५४.३, महाराष्ट्र ९५४.७९२.

इथे बऱ्हाणपूरकराची पंचाईत होते. हे गाव फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला, त्यानंतरही खानदेश सुभ्याचा कारभार इथूनच चालला. पुढे इंग्रजांच्या काळात खानदेश मुंबई इलाख्यात राहिला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेलं. त्यामुळे आज खानदेशाच्या इतिहासाचं पुस्तक महाराष्ट्राच्या नंबरावर जातं, आणि त्याच खानदेशाच्या राजधानीचं पुस्तक मध्य प्रदेशाच्या. मधे अख्खं कपाट. घरात मराठी बोलणाऱ्या, जळगावात सोयरीक असलेल्या आमच्यासारख्यांना ही फाळणी रोजचीच, पण ती दशांश चिन्हात पाहिली तेव्हा कळलं की कुठलीच मांडणी आपोआप झालेली नसते. कोणीतरी, कुठेतरी बसून, कोणाची तरी सोय बघून ती ठरवलेली असते.

ड्यूईचे हे तयार खण ज्यांना खटकले त्यांत आपले शियाली रामामृत रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण त्यांतून हवी ती वस्तू उभी राहते. विषयांचंही असंच करावं, तयार खण देण्याऐवजी सुटे भाग द्यावेत, हे त्यांना तिथे सुचलं. त्यातून १९३३ साली कोलन वर्गीकरण आलं. समजा पुस्तक आहे ‘बऱ्हाणपुरातल्या यंत्रमाग कामगारांचे फुफ्फुसाचे आजार, १९८० नंतर’. रंगनाथन विचारतात: मुख्य वस्तू कोणती? फुफ्फुस. तिच्याबाबतीत काय घडतंय? आजार. कुठे? कधी? मग हे तुकडे जोडायचे. आमच्या वर्गात सगळे याला वैतागायचे. मला मात्र अजून वाटतं की दहावीच्या मुलांना निबंध शिकवण्याआधी हे चार प्रश्न शिकवावेत.

भारतात ग्रंथपालांच्या शिक्षणाची सुरुवात मात्र मद्रासच्याही आधी बडोद्यात झाली. सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि १९११ मध्ये प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरला.

आमच्या अभ्यासात डिझाइन असं नव्हतं. ते मी नंतर मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागाने चालवलेल्या डी’सोर्स या संकेतस्थळावर, घरी बसून शिकले. आयडीसी १९६९ पासूनची. तिथे समजलं की नंबर लावणं आणि चित्र काढणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. जो माणूस आत्ता समोर नाही, त्याला काय सापडायला हवं, याचा विचार दोन्हीकडे.

मी चित्राचा सराव म्हणून बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा निवडला. १६१५ च्या सुमाराला, मुघल सरदार खानखाना अब्दुर्रहीमच्या वेळी, तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराने तो आखला. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी बोगद्यात अडवायचं आणि नुसत्या उतारावर गावात आणायचं. वर शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी. मुलं हटकून विचारतात, ‘मॅडम, पंप कहाँ है?’

आता हे कागदावर कसं दाखवणार? खऱ्या मापात काढलं तर बोगदा सपाट रेघ दिसतो, आणि ज्या उतारावर सगळं चालतं तोच गायब. म्हणून उभं माप मुद्दाम वाढवायचं आणि तसं बाजूला लिहायचं. सगळ्या कुंड्या काढल्या तर कागद काळा होतो. पाच-सहाच काढायच्या, मधे तुटक रेघ. कोपऱ्यात खुणांची यादी द्यायची नाही, नाव त्या त्या जागीच लिहायचं, नाहीतर बघणाऱ्याची नजर नुसती हेलपाटे घालते. तळाशी एक माणूस उभा करायचा, म्हणजे खोली कळते. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकचा नकाशाही असाच. त्याने खरी अंतरं सोडून दिली आणि गाडी कुठे बदलायची तेवढं स्पष्ट केलं. तो नकाशा आला १९३३ मध्ये, म्हणजे रंगनाथनांच्या पुस्तकाच्याच वर्षी.

भाषेचं काय करायचं, हे मी आमच्या गावच्या जामा मशिदीत शिकले. राजा अली खान फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि काळ विक्रम संवत १६४६, शके १५११ असा दिलाय. वाचणाऱ्याच्या लिपीत आणि त्याच्या कालगणनेत माहिती देणं याला आज ‘वापरकर्त्याचा अभ्यास’ म्हणतात आणि त्यावर अख्खा पेपर असतो.

शाळेत येऊन हे सगळं कार्डांच्या एका ट्रेवर आलं. नववीतली एक मुलगी ‘मुमताजचं पुस्तक’ मागत होती. तिला ताजमहाल दिला तर परत केला. थोडं बोलल्यावर कळलं, १६३१ मध्ये मुमताज इथे वारली तेव्हा तिला आधी झैनाबादेत कुठे पुरलं, हे तिला हवं होतं. म्हणजे मुघल इतिहास, ९५४.०२५. ताजमहाल वास्तुकलेत, कुंडी भंडारा पाणीपुरवठ्यात ६२८.१ ला, नेपानगरची कागद गिरणी ६७६ ला. एका गावाची पुस्तकं ग्रंथालयभर पांगलेली. ड्यूईलाही ही अडचण ठाऊक होती, म्हणूनच त्याने मागे सूची जोडली. मीही ‘बऱ्हाणपूर’ नावाची कार्डं करून ट्रे दाराशी ठेवला, हिंदी, मराठी आणि उर्दूत. पुस्तकं जागची हलवली नाहीत.

ही कार्डं लिहिताना एक गंमत लक्षात आली. केळीचा नंबर ६३४.७७२. आमच्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे केळीच्या बागा आहेत, आणि आमच्या कपाटात त्या नंबरावर एकही पुस्तक नव्हतं. यंदाच्या खरेदीच्या यादीत पहिलं तेच टाकलंय.