गाडी घरंगळते किती?

‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न नव्या गाडीच्या पेढ्याबरोबरच येतो. ‘धूर किती सोडते?’ असे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक दोन्ही हिशेब एकच. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊण किलो पेट्रोलातून एवढा वायू कसा, असे आमच्या घरी विचारले गेले. त्यातला ऑक्सिजन हवेचा असतो, एवढेच त्याचे उत्तर!

अमेरिकेत २०१२च्या मॉडेलांपासून हा हिशेब मोटार कंपन्यांवर बंधनकारक झाला. गंमत अशी, की बहुतेक चाचण्या कंपनीच करी आणि आकडाही तीच कळवी. सरकारची ॲन आर्बरची प्रयोगशाळा त्यातल्या थोड्याच गाड्या पडताळून पाही.

त्यातली एक चाचणी मोठी साधी आहे. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि ती आपसूक मंदावायला किती वेळ घेते ते मोजायचे. हवेचा नि टायरांचा विरोध त्यावरून कळतो आणि प्रयोगशाळेतले रोलर त्याच हिशेबाने लावतात. वारा, ऊन, टायर यांमुळे दर खेपेला उत्तर थोडे बदलते. म्हणून पुष्कळ खेपांची सरासरी घ्यायची. ह्युंदाई आणि किया यांनी सरासरी सोडून सोयीच्या खेपा उचलल्या, असा सरकारचा आरोप होता. कंपन्यांच्या मते ती कार्यपद्धतीतली चूक होती.

ग्राहकांच्या तक्रारी आल्या, तपासणी झाली आणि नोव्हेंबर २०१२मध्ये मायलेजचे आकडे खाली आणावे लागले. गाडीमालकांना जादा पेट्रोलचे पैसे, वर १५ टक्के, देऊ केले गेले. २०१४मध्ये तडजोड झाली : सुमारे १२ लाख गाड्यांसाठी १० कोटी डॉलर दंड.

मला दंडापेक्षा दुसरी शिक्षा महत्त्वाची वाटते. मर्यादेहून कमी वायू सोडणाऱ्या कंपनीच्या खात्यात क्रेडिट जमा होत आणि ती दुसऱ्या कंपनीला विकता येत. म्हणजे प्रत्यक्षात हवेत गेलेला वायू ‘वाचवला’ म्हणून बाजारात खपला असता! अशी ४७.५ लाख क्रेडिट रद्द झाली. त्यांची किंमत दंडाच्या दुपटीहून अधिक होती.

आपल्याकडे २०१७पासून कंपनीच्या साऱ्या मोटारींची सरासरी धरतात. २०२२-२३मध्ये मर्यादा किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमवर आली. गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे पुणेकर तिच्या नावानेच टेकडी ओळखतात.