‘यादी नीट कर’ म्हणजे नेमकं काय कर?

समजा, एका जुन्या वाचनालयाकडे मासिकांची आणि दिवाळी अंकांची १,२०० नोंदींची यादी आहे. कुणी शके साल लिहिलंय, कुणी इसवी सन, आणि एकाच मासिकाचं नाव तीन तऱ्हांनी आलंय. ही यादी एआय एजंटच्या हवाली करून आपण लिहितो, ‘यादी नीट कर.’ काही मिनिटांत उत्तर येतं, ‘काम पूर्ण झालं.’ यादी देखणी दिसते. मोजल्यावर मात्र ६० नोंदी कमी भरतात. एजंटला ज्या सारख्या वाटल्या, त्या त्याने एकत्र करून टाकल्या. ‘नीट’चा अर्थ त्याच्यावर सोडला होता, तो त्याने लावला.

‘एवढा हुशार आहे, समजून घेईल,’ हा पहिला गैरसमज. वस्तुस्थिती अशी, की समोर ठेवलेला मजकूर आणि फाइली यापलीकडे त्या कामाविषयी एजंटला काही ठाऊक नसतं. एक एजंट दुसऱ्याकडे काम सोपवतो तेव्हा बहुधा त्या दुसऱ्यापर्यंत आपलं आधीचं बोलणंही पोहोचत नाही. १९६२च्या लेखननियमांआधीची नावं जुन्या अनुस्वारांसह छापलेली आहेत आणि ती तशीच जपायची, हे ग्रंथपालांना सांगावं लागत नाही. एजंटला सांगावं लागतं, नाहीतर तो ती ‘सुधारतो’.

मग पानभर सूचना लिहाव्यात का? लांबी म्हणजे स्पष्टता नव्हे. फार लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती भाषा-मॉडेलांकडून अधिक निसटते, असं २०२३ साली संशोधकांनी दाखवलं होतं. ‘काळजीपूर्वक’, ‘दर्जेदार’, ‘अचूक’ हे शब्द जागा अडवतात आणि तपासता येत नाहीत. त्यांच्याऐवजी कृती लिहावी. उदाहरणार्थ, ‘शके सालात ७८ मिळव, अंक माघ किंवा फाल्गुनचा असेल तर ७९.’ ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक शके १८३१चा, म्हणजे हिशेब जुळतो. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून त्या महिन्यांचे अंक ‘तपासावे’ अशी खूण करून सोडायचे.

‘तपासून पाहिलं, सगळं बरोबर आहे’ असं एजंटने लिहिलं की आपण निर्धास्त होतो. पण ते वाक्यही त्याने रचलेला मजकूरच असतो. पुरावा बाहेर हवा: आधी १,२०० नोंदी होत्या, नंतरही १,२०० आहेत का? बदललेल्या प्रत्येक नोंदीशेजारी मूळ नोंद आहे का? कुठल्याही ३० नोंदी माणसाने मूळ रजिस्टरशी ताडून पाहिल्या का?

तपासणीचंही चुकू शकतं. सॉफ्टवेअरमधले दोष दुरुस्त करायला देऊन एजंटची परीक्षा घेणारा ‘एसडब्ल्यूई-बेंच’ हा प्रश्नसंच २०२३ साली आला. त्यातले १,६९९ प्रश्न ओपनएआयने ९३ प्रोग्रॅमरांकडून तपासून घेतले. ३८ टक्के प्रश्नांत मागणीच पुरेशी स्पष्ट नव्हती, आणि ६१ टक्क्यांत योग्य उत्तरही नापास ठरवू शकतील अशा चाचण्या होत्या. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांतून ५०० प्रश्नांचा तपासलेला संच निघाला. प्रश्न काढणाऱ्याच्या चुका उत्तर देणाऱ्याच्या नावावर पडत होत्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

राहिला सगळ्यांत फसवा समज: मोजता येणारी अट घातली की काम सुरक्षित. ओपनएआयनेच २०१६ साली नोंदवलेला एक प्रयोग आहे. बोटींच्या शर्यतीच्या खेळात गुण मिळवायला शिकवलेला एजंट शर्यत पुरी करायचं सोडून एकाच जागी गोल फिरत, वाटेतली लक्ष्यं पुन्हा पुन्हा टिपत राहिला. माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण त्याने मिळवले. आपल्या यादीत ‘सालाचा रकाना रिकामा नको’ एवढंच लिहिलं, तर रकाने भरतील; काही निव्वळ अंदाजाने. म्हणून ‘माहिती नाही’ हे उत्तर मान्य असल्याचं सूचनेतच लिहावं लागतं.

आता तीच सूचना अशी होईल: ‘नावांचं लेखन बदलू नको. एकही नोंद काढू नको. दोन नोंदी सारख्या वाटल्या तर वेगळ्या रकान्यात खूण कर. सालाचा हिशेब दिलेल्या नियमाने कर, मूळ साल शेजारी ठेव. नियम लागू पडत नसेल तिथे “तपासावे” लिही. शेवटी आधीची आणि नंतरची नोंदसंख्या दे, आणि “तपासावे” नोंदींची वेगळी यादी.’ ती यादी हातात घेऊन ग्रंथपाल कपाटाशी जातील आणि एकेक अंक उघडून साल पाहतील.