सूट आणि सोय

अमेरिकेत २०१० साली आरोग्यसेवेचा मोठा कायदा झाला. त्याखाली पुढे नियम आले, की नोकरदारांच्या विम्यात गर्भनिरोधकांचाही खर्च धरावा. चर्चना यातून सूट मिळाली. धर्मप्रेरणेने चालणाऱ्या सेवासंस्थांना मात्र नुसती सोय मिळाली: आक्षेप लेखी कळवा, पैसे देऊ नका, विमा कंपनी परस्पर पाहील.

'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या कॅथलिक धर्मभगिनींना ही सोय नको होती. जान जुगान यांनी १८३९ साली फ्रान्समध्ये सुरू केलेला त्यांचा संघ गरीब वृद्धांना सांभाळतो. त्यांचे म्हणणे, आमच्या सहीनेच पुढचे चक्र फिरते, मग आम्ही त्यातून वेगळ्या कशा? सरकार म्हणे, सही म्हणजे फक्त कळवणे. एका सहीवरून एवढे रण? शब्दांवर जगणाऱ्या माणसाला तरी ते हास्यास्पद वाटत नाही.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल न देता प्रकरण खाली पाठवले. २०१७ साली नव्या सरकारने पूर्ण सूट दिली आणि २०२० मध्ये ती सात विरुद्ध दोन मतांनी टिकली. भिन्नमतात न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी सरकारचाच अंदाज मांडला: ७०,५०० ते १,२६,४०० स्त्रियांचे हे संरक्षण जाईल. भगिनींचा नकार मला प्रामाणिक वाटतो. पण अशा संस्थांत पगारावर राबणारी स्वयंपाकीण त्यांच्याच श्रद्धेची असेल असे नाही, आणि तिला कोणी विचारलेले नाही. सोयीत निदान तिची आठवण होती. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने सुटीचे ते नियम रद्द ठरवले.