साबणाचा घाणा बिघडल्यास

महिला मंडळांनी घरगुती साबणाचा उद्योग हाती घेतल्यावर पहिल्या घाण्यात पुष्कळदा निराशा पदरी येते. वडी ठिसूळ होते, हात चुरचुरतात. असा साबण वापरणे वा विकणे योग्य नव्हे. तथापि तो फेकून भांडवल गमावण्याचेही कारण नाही.

दोषाचे मूळ बहुधा वजनात असते. तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन तयार होते. परंतु प्रत्येक तेलास लागणारा सोडा निराळा. १ किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम, तर तेवढ्याच शेंगदाणा तेलास सुमारे १३६ ग्रॅम सोडा पुरतो. खोबरेलाचे प्रमाण शेंगदाणा तेलास लावल्यास सुमारे ४७ ग्रॅम दाहक सोडा मोकळा राहतो. याउलट, तेल सुटून वर आल्यास सोडा कमी पडला, उघड्या डब्यात ओलावा शोषून त्याचा जोर घटला, किंवा मिश्रण पुरेसे घोटले गेले नाही, असे समजावे.

वरील उदाहरणात रबरी हातमोजे व चष्मा घालून साबण किसावा, थोड्या पाण्यासह स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर मऊ करावा आणि सुमारे ३४५ ग्रॅम शेंगदाणा तेल थोडेथोडे घालून घोटावा. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे सोडा खातो, म्हणून ते वर्ज्य होय.

नव्या वड्या चार आठवडे वाळवाव्यात. नंतर शाळेच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब वडीवर टाकावा. तो गडद गुलाबी झाल्यास मोकळा सोडा अद्याप शिल्लक आहे, असे जाणावे व ती वडी विक्रीस ठेवू नये.

अचूक तराजू आणि प्रत्येक घाण्याची नोंद, हीच या उद्योगाची खरी पुंजी होय.