ओहोटीला पक्षी, अंधारात पतंग

मे महिन्याची सुट्टी म्हणजे घरात दंगा आणि दिवसभर ‘आई, कंटाळा आला’चा जप. अलिबाग, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण अशा समुद्रकाठच्या गावी राहणाऱ्या किंवा सुट्टीला माहेरी आलेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी हा बिनखर्चाचा बेत. त्याला लागते फक्त भिंतीवरची दिनदर्शिका.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, द्वितीयेला दीड वाजता. त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी; म्हणजे सकाळी साडेसहा-सव्वासातला. अमावास्येनंतरचे हे दोन दिवस हेरून ठेवा. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप आत जाते, आणि रात्री चंद्र लवकर मावळतो. सकाळी पक्षी, रात्री पतंग, दोन्ही साधते!

सकाळी दूध तापवून झाले की मुलांना घेऊन निघा. ओल्या वाळूवर तुरुतुरु धावून थबकणारा तो चिखल्या. थंडीत आलेले बहुतेक चिखल्ये मेपर्यंत लडाख-तिबेटकडे परतलेले असतात. मागे राहिलेल्या एखाद्याची छाती विटकरी झालेली दिसेल. खडकावर टपून बसलेला करडा समुद्रबगळा, वर पांढऱ्या डोक्याची तांबूस घार दिसेल. मुलांना थव्यामागे धावू देऊ नका. लांबच्या प्रवासासाठी या पाखरांना पोटभर खायला हवे असते.

रात्री अंगणात दोरीवर जुनी पांढरी चादर टाका आणि तिच्यासमोर दिवा लावा. एलईडीपेक्षा ट्यूबलाइट किंवा सीएफएल बरा. पतंगांना ओढणारे अतिनील किरण एलईडीत जवळजवळ नसतात. वारा पडलेला, हवा दमट असली की चादर भरून जाते. आठ ते दहा बघा, वहीत चित्रे काढा, पण पंखांना बोट लावू नका. त्यांवरचे बारीक खवले निघून येतात. झोपण्यापूर्वी दिवा मालवून चादर झुडपावर हलकेच झटका, नाहीतर सकाळी बुलबुल-कावळ्यांची मेजवानी होते!

‘पतंग म्हणजे कपड्यांना कसर,’ असे आपल्याला वाटते. पण लोकर खातात त्या मोजक्याच जातींच्या अळ्या. तगरीवर किंवा कण्हेरीवर शेपटीला काटा असलेली, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके मिरवणारी जाड हिरवी अळी दिसते ना? तिचाच पुढे हिरव्या नक्षीचा देखणा पतंग होतो. पाने कुरतडलेली दिसली की आपण लगेच फवारा मारतो. पण याच दिवसांत दयाळ, शिंपी, चिमणी यांच्या घरट्यांत पिल्ले असतात, आणि त्यांच्या चोचीत आई भरवते ती किडे-अळ्याच. तगर पुन्हा फुटते. उपाशी पिल्लू मात्र वाचत नाही. तेव्हा यंदा फवारणीचा पंप कोनाड्यातच राहू द्या, चार पाने गेली तर जाऊ देत!